देवांचा राग स्वस्त, माणसाचा महाग

'इलियड' आठवलं की डोळ्यांसमोर येतो घोडा आणि टाच. प्रत्यक्षात होमरने सांगितलीय ती एका माणसाच्या डोक्यात गेलेल्या रागाची गोष्ट. आणि तो राग कसा उतरला, त्याचीही.

ट्रोजन युद्धाबद्दल काय माहीत आहे, असं कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर विचारा. दोन उत्तरं हमखास येतात. एक, लाकडी घोडा. दोन, अकिलीसची टाच. २००४चा 'ट्रॉय' बघितलेलं कुणी असेल तर ब्रॅड पिटचं नाव निघतं. 'हेडीस' गेम खेळणारे पॅट्रोक्लसपर्यंत पोहोचतात. गंमत अशी, की ज्या महाकाव्यामुळे हे युद्ध जगाच्या लक्षात राहिलं, त्या होमरच्या 'इलियड'मध्ये घोडाही नाही आणि टाचही नाही. घोडा 'ओडिसी'त थोडक्यात येतो आणि पुढे रोमन कवी व्हर्जिल ती गोष्ट रंगवून सांगतो. अकिलीसला आईने स्टिक्स नदीत बुडवून अभेद्य केलं, ही कथा तर होमरनंतर कित्येक शतकांनी, स्टेशियस या रोमन कवीच्या काव्यात भेटते.

'इलियड'मध्ये युद्धाची सुरुवात नाही आणि शेवटही नाही. ट्रॉय पडत नाही, अकिलीस मरत नाही. दहा वर्षं चाललेल्या युद्धाच्या शेवटच्या वर्षातले जेमतेम पन्नासेक दिवस त्यात आहेत. मग २४ सर्ग आणि पंधरा हजारांहून जास्त ओळी खर्ची घालून होमर सांगतो तरी काय? एका माणसाचा राग कसा पेटला आणि कसा विझला, एवढंच. मूळ ग्रीक काव्याचा पहिला शब्दच मुळी 'राग' हा आहे. त्यासाठी वापरलेला 'मेनिस' हा शब्द साध्या चिडचिडीचा नाही. तो बहुतेकदा देवांच्या कोपासाठी येतो. देवांना परवडणारा कोप एका मर्त्य माणसाच्या अंगात शिरला तर काय होतं, हा या काव्याचा खरा विषय.

सगळ्यांसमोर झालेला अपमान

गोष्ट सुरू होते तेव्हा ग्रीक फौजा ट्रॉयच्या किनाऱ्यावर तळ ठोकून आहेत. आजच्या तुर्कस्तानातली हिसारलिकची टेकडी ती हीच जागा, असं मानलं जातं. हाइनरिख श्लीमानने १८७०च्या दशकात तिथे खोदकाम केलं आणि १९९८पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. आसपासची गावं लुटून आणलेल्या बायका ग्रीक सरदारांनी आपसात वाटून घेतल्या आहेत. सेनापती ॲगमेम्नॉनच्या वाट्याला आलेली क्रायसीस ही अपोलोच्या पुजाऱ्याची मुलगी. म्हातारा बाप भरपूर खंडणी घेऊन तिला सोडवायला येतो. ॲगमेम्नॉन त्याला धमकावून हाकलून देतो. पुजारी देवाचा धावा करतो आणि अपोलो नऊ दिवस छावणीवर रोगाचे बाण सोडत राहतो. आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं.

दहाव्या दिवशी अकिलीस सभा बोलावतो. मुलगी परत करायला हवी, हे उघड होतं. ॲगमेम्नॉन कसाबसा कबूल होतो, पण एका अटीवर. माझा वाटा गेला तर मला दुसरा हवा. तो कुणाचा घेणार? अकिलीसचा. म्हणजे ब्रिसीस.

आजच्या नजरेने बघताना पहिली गोष्ट खटकायलाच हवी, की दोन पुरुषांचा मान मोजायला इथे दोन बायका वापरल्या जातात. पण त्या जगात मान ही मनातल्या मनात बाळगायची गोष्ट नव्हती. ती सगळ्यांना दिसेल अशा वस्तूंत मोजली जायची. लढाईतला मानाचा वाटा भर सभेत काढून घेणं म्हणजे त्या माणसाची किंमत शून्य करणं. अकिलीसचा मुद्दाही साधा आहे. लढायचं मी आणि मोठा वाटा तुझा. ग्रुप प्रोजेक्टमध्ये रात्री जागून काम करायचं एकाने आणि प्रेझेंटेशनला नाव लागायचं दुसऱ्याचं, हे ज्याने भोगलंय त्याला ही चीड कळायला ग्रीक यावं लागत नाही.

अकिलीसचा हात तलवारीकडे जातो. तेवढ्यात अथीना मागून येऊन त्याचे केस धरते. ती फक्त त्यालाच दिसते. तो तलवार म्यान करतो, पण राग म्यान होत नाही. आपली माणसं घेऊन तो लढाईतून बाजूला होतो, समुद्रकिनारी एकटा बसून रडतो आणि आपल्या आईला, थेटिस या सागरदेवतेला, हाक मारतो. तिच्याकडे मागणं काय? झ्यूसला सांग, ग्रीकांना हरू दे. माझ्यावाचून काय होतं ते त्यांना कळू दे.

इथे जरा थांबून बघा. तो आपल्याच मित्रांचं मरण मागतोय.

वर मेजवानी, खाली मढी

याच पहिल्या सर्गाच्या शेवटी होमर आपल्याला ऑलिम्पस पर्वतावर नेतो. तिथेही भांडण पेटलंय. थेटिस येऊन काहीतरी मागून गेली, हे हेराने हेरलंय. ती नवऱ्याला भर सभेत जाब विचारते. झ्यूस भडकतो, हात उगारण्याची धमकी देतो. थोडक्यात, खाली छावणीत जे चाललंय तेच वर. तोच इगो, तीच वाटणीची खुन्नस.

मग हिफेस्टस, त्यांचा लंगडा लोहार मुलगा, मध्ये पडतो. आईला म्हणतो, नको वाद घालूस. मागे एकदा तुझी बाजू घेतली तर यांनी मला पाय धरून खाली भिरकावलं, दिवसभर पडत होतो आणि संध्याकाळी लेम्नॉस बेटावर आदळलो. असं म्हणून तो प्याला भरतो आणि लंगडत लंगडत सगळ्यांना वाढू लागतो. ते ध्यान बघून देवांना हसू आवरत नाही. मग जेवणं होतात, अपोलो वाद्य छेडतो, कलादेवता गातात. सूर्य मावळल्यावर सगळे आपापल्या घरी झोपायला जातात. हेरा झ्यूसच्या शेजारीच झोपते.

एकाच सर्गात दोन भांडणं. वरचं रात्रीच्या जेवणाला मिटतं. खालचं मिटेपर्यंत हजारो माणसं मेलेली असतात.

पाचव्या सर्गात तर हा फरक आणखी ठळक होतो. डायोमिडीस हा ग्रीक योद्धा प्रेमाची देवता ॲफ्रोडाइटी हिच्या हातावर भाला मारतो. ती रडत ऑलिम्पसवर जाऊन आपल्या आईच्या कुशीत पडते. आई हात पुसते, जखम बरी. युद्धाचा देव अरेस जखमी होतो तेव्हा नऊ-दहा हजार माणसांएवढ्या आवाजात बोंबलतो आणि झ्यूसकडे तक्रार घेऊन जातो. झ्यूस त्याला झापतो, पण वैद्यालाही बोलावतो. अंजिराच्या चिकाने दूध साकळावं तितक्या झटपट त्याची जखम भरते. अंघोळ करून, नवे कपडे घालून स्वारी बापाशेजारी जाऊन बसते.

आता त्याच लढाईतल्या एका माणसाकडे बघा. सहाव्या सर्गाच्या सुरुवातीला ॲक्सिलस नावाचा एक जण मरतो. पुऱ्या काव्यात त्याला मोजून काही ओळी मिळतात. होमर सांगतो, की त्याचं घर रस्त्यालगत होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं तो आदरातिथ्य करायचा. पण त्या दिवशी त्याने जेवू घातलेल्यांपैकी एकही त्याच्यापुढे ढाल होऊन उभा राहिला नाही. बस, एवढंच. 'इलियड'मध्ये अशी मरणारी कितीतरी माणसं आहेत आणि होमर त्यांना नुसतं मोजून सोडत नाही. कुणाचं गाव सांगतो, कुणाचा बाप, कुणाचं नुकतंच झालेलं लग्न.

देवांचा हा धिंगाणा खुद्द ग्रीकांनाही झेपायचा नाही. झेनोफनीस या कवी-तत्त्वचिंतकाने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातच तक्रार केली होती, की माणसांत जे जे लाजिरवाणं मानलं जातं ते सगळं होमरने देवांच्या माथी मारलंय. प्लेटोला तर आपल्या आदर्श राज्यातल्या मुलांच्या कानांवर या गोष्टी पडूच द्यायच्या नव्हत्या. पण होमरचे देव हे आदर्श म्हणून घडवलेलेच नाहीत. माणसाकडे असलेला प्रत्येक विकार त्यांच्याकडे आहे. मरण तेवढं नाही. त्यामुळे त्यांचा राग, लोभ, प्रेम यांना किंमत मोजावी लागत नाही.

देवाने करवलं की मी केलं?

मग पुढचा प्रश्न पडतो. अथीना केस धरते, ॲफ्रोडाइटी प्रेमात पाडते, तर माणसं म्हणजे नुसती कळसूत्री बाहुली का?

हेलनचं उदाहरण घ्या. तिसऱ्या सर्गात पॅरिस आणि मेनेलाउस यांच्यात, म्हणजे तिला पळवणारा आणि तिचा आधीचा नवरा यांच्यात, द्वंद्व होतं. पॅरिस हरायला आला की ॲफ्रोडाइटी त्याला धुक्यात लपवून उचलते आणि थेट शयनगृहात नेऊन ठेवते. मग हेलनला म्हणते, चल, तो वाट बघतोय. हेलन तिला चक्क सुनावते, की तुला एवढाच आवडत असेल तर तूच जाऊन राहा त्याच्याजवळ. देवता धमकी देते आणि हेलन घाबरून मुकाट जाते. ओढ आहे, ओढीचा तिटकाराही आहे आणि त्या दोन्हींत अडकलेली एक बाई आहे. देवतेचं नाव काढून टाकलं तरी हा प्रसंग तसाच कळतो. नको त्या माणसाकडे पुन्हा पुन्हा वळणारं मन कुणी बघितलेलं नाही?

ॲगमेम्नॉनचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. एकोणिसाव्या सर्गात तो सगळ्यांसमोर सांगतो, की दोष माझा नव्हता, झ्यूसने, नियतीने माझ्या बुद्धीवर भ्रम घातला. टिपिकल पुढारी, असं वाटतं ना? पण त्याचं पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे. ज्या अर्थी माझी बुद्धी फिरली, त्या अर्थी भरपाई मीच देणार. आणि तो ती देतो. होमरच्या जगात देवाने केलं म्हटल्याने माणूस सुटत नाही. भावना कुठून आली हे कळत नसेल, तर देवाचं नाव घ्या. निस्तरायचं मात्र तुम्हालाच.

लेकरू, शिरस्त्राण आणि हसू

मरण असलं की प्रत्येक गोष्टीचं वजन कसं बदलतं, हे बघायचं असेल तर सहावा सर्ग वाचा. ट्रॉयचा मोठा राजपुत्र हेक्टर रणांगणातून शहरात येतो. बायको ॲन्ड्रोमाकी त्याला वेशीपाशी गाठते. तिच्या माहेरच्यांत कुणी उरलेलं नाही. बाप आणि सात भाऊ अकिलीसने मारलेत. ती म्हणते, आता बाप तूच, आई तूच, भाऊ तूच. परत जाऊ नकोस. हेक्टरला ठाऊक आहे, की ट्रॉय पडणार आहे. हेही ठाऊक आहे, की हिला कुणीतरी गुलाम करून नेणार आहे. तरी मागे राहायची लाज त्याला जास्त वाटते.

तो बाळाला घ्यायला हात पुढे करतो तर बाळ दचकून दाईला बिलगतं. बापाच्या शिरस्त्राणावर हलणारा घोड्याच्या केसांचा तुरा बघून ते भेदरलंय. आई-बाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग लेकराला उचलतो. युद्धाच्या या महाकाव्यातला हा सगळ्यात साधा क्षण. ऑलिम्पसवरचं हसू आणि हे हसू शेजारी ठेवून बघा. देव हसतात कारण त्यांचं काही बिघडणार नाही. ही दोघं हसतात आणि त्यांचं सगळंच बिघडणार आहे. घरी परतल्यावर ॲन्ड्रोमाकी आणि दासी जिवंत हेक्टरसाठी रडायला लागतात.

यातून देवही पूर्ण सुटत नाहीत. सोळाव्या सर्गात झ्यूसचा मर्त्य मुलगा सार्पेडन मरणाच्या दारात उभा असतो. याला वाचवू का, असं झ्यूस विचारतो. हेरा म्हणते, वाचव, पण मग प्रत्येक देव आपापल्या लेकराला वाचवू बघेल. झ्यूस गप्प बसतो आणि जमिनीवर रक्ताचा पाऊस पाडतो. माणसावर जीव जडला की देवालाही पहिल्यांदा किंमत मोजावी लागते. अकिलीसची आई थेटिस तर पूर्ण काव्यभर हेच दुःख वागवते. ती मरणार नाही, तो मरणार आहे.

'सॉरी' न म्हणता पाठवलेली गिफ्टं

इकडे अकिलीसवाचून ग्रीक मार खातायत. नवव्या सर्गात ॲगमेम्नॉन समेटासाठी तिघांना पाठवतो. देऊ केलेली यादी ऐका: सात तिवया, दहा टॅलेंट सोनं, वीस कढया, बारा शर्यतीचे घोडे, सात बायका, ब्रिसीस परत, स्वतःची एक मुलगी आणि वर सात गावं. यादीत एकच गोष्ट नाही. माफी. उलट निरोपाच्या शेवटी ॲगमेम्नॉन म्हणालेला असतो, की त्याने माझ्यापुढे नमावं, राजा मी मोठा आहे. ओडिसियस हुशार, तो ते शेवटचं वाक्य गिळून बाकी सगळं सांगतो. अकिलीसला तरी वास येतोच. मनात एक आणि ओठांवर दुसरं असणारा माणूस मला नरकाच्या दाराइतका नकोसा आहे, अशा अर्थाचं तो सुनावतो.

मग त्याला लहानपणापासून सांभाळणारा फिनिक्स बोलतो. तू माझ्या मांडीवर बसून जेवायचास, माझ्या कपड्यांवर दारू सांडायचास, अशी आठवण काढतो. एजॅक्स फारसं भाषण करत नाही. मित्र दारात आलेत रे, एवढंच म्हणतो. अकिलीस थोडा हलतो, पण उठत नाही. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. लढलास तर लवकर मरशील पण नाव राहील, घरी गेलास तर दीर्घायुष्य मिळेल पण नाव नाही. आजवर त्याने पहिली वाट धरली होती. आता त्याला वाटतं, शूर काय आणि भेकड काय, दोघांना मरण सारखंच, मग कशासाठी?

प्रश्न बरोबर आहे. पण हळूहळू त्या रागाचं कारण मागे पडलंय आणि नुसता राग उरलाय. पुढे तो स्वतःच कबूल करतो, की राग मधापेक्षा गोड लागतो आणि छातीत धुरासारखा पसरत जातो. मित्राला ब्लॉक करून महिनोन्महिने कुढत बसलेल्या कुणालाही ही चव ओळखीची वाटेल.

राग जिरत नाही, पत्ता बदलतो

किंमत वसूल होते ती पॅट्रोक्लसकडून. अकिलीसच्या जीवाभावाचा हा सखा. ग्रीकांचे हाल त्याला बघवत नाहीत. तुला यायचं नसेल तर तुझं चिलखत तरी दे, असं तो रडत म्हणतो. अकिलीस देतो, पण बजावतो, की शत्रूला जहाजांपासून मागे रेट आणि परत ये. तो झ्यूसकडे दोन गोष्टी मागतो: पॅट्रोक्लसला यश मिळो आणि तो सुखरूप परत येवो. झ्यूस एकच मान्य करतो. पॅट्रोक्लस जोशात पुढे जातो आणि हेक्टरच्या हातून मारला जातो.

बातमी आल्यावर अकिलीस दोन्ही हातांनी राख-माती डोक्यावर ओतून घेतो. ॲगमेम्नॉनवरचा राग एका क्षणात क्षुल्लक होतो. आई सांगते, की हेक्टर मेला की लगेच तुझी पाळी. तो म्हणतो, चालेल.

त्या प्रेताशी रडायला ब्रिसीसही येते. संपूर्ण काव्यात ती इथेच, एकदाच बोलते. तिच्या नवऱ्याला अकिलीसने मारलं, तिचे तीन भाऊही त्याच लढाईत गेले. तेव्हा तिचे डोळे पुसायला पॅट्रोक्लस आला होता. बाकीच्या बंदिवान बायकाही रडतात. होमर म्हणतो, त्या वरवर पॅट्रोक्लससाठी, पण खरं तर आपापल्या दुःखासाठी. ज्या मुलीपायी एवढं रामायण घडलं तिला एकच भाषण का, हा प्रश्न पॅट बार्कर या लेखिकेला इतका छळत राहिला, की २०१८मध्ये तिने ब्रिसीसच्या तोंडून पूर्ण कादंबरी लिहिली.

आता सुरू होतं ते युद्ध नसतं, कत्तल असते. नदी प्रेतांनी तुंबते. लायकेऑन नावाचा एक पोरगा निःशस्त्र, गुडघे धरून जीव मागतो. अकिलीस त्याला म्हणतो, मित्रा, तूही मर. पॅट्रोक्लस गेला, उद्या मीही जाणार. शेवटी तो हेक्टरला तटाभोवती तीन फेऱ्या पळवून मारतो. मरताना हेक्टर एवढंच मागतो, की माझं प्रेत घरच्यांना दे. तेही तो नाकारतो. प्रेताचे घोटे भोकसून रथाला बांधतो आणि धुळीतून फरफटत नेतो. इकडे ॲन्ड्रोमाकी नवरा परत येईल म्हणून अंघोळीचं पाणी तापवायला सांगत असते.

सूड पूर्ण झाला. सिनेमा असता तर इथे संपला असता. पण अकिलीसला झोप येत नाही. तो रोज पहाटे उठून हेक्टरचं प्रेत पॅट्रोक्लसच्या थडग्याभोवती फरफटवत राहतो. त्याने काहीही हलकं होत नाही.

शत्रूच्या छावणीत जेवण

चोविसाव्या सर्गात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम रात्री एका सोबत्याबरोबर निघतो. बरोबर खंडणीने भरलेली गाडी. वाटेत हर्मीस देव तरुण सैनिकाच्या रूपात भेटून त्याला छावणीत पोहोचवतो आणि निघून जातो. आतलं काम माणसांनीच करायचं असतं.

प्रायम आत शिरतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली कितीतरी मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. म्हणतो, तुझ्या वडिलांना आठव. माझ्याच वयाचे असतील. त्यांना निदान तू परत येशील अशी आशा आहे. मला तीही नाही.

अकिलीस त्याला हळूच बाजूला सारतो आणि दोघंही रडू लागतात. म्हातारा हेक्टरसाठी. अकिलीस कधी बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी. आपला बापही असाच एकटा पडणार आहे, हे त्याला समोरच्या शत्रूत दिसतं.

होमर इथे साखर पेरत नाही. प्रायम प्रेतासाठी घाई करतो तेव्हा अकिलीस डोळे वटारतो, की मला डिवचू नकोस, माझा भरवसा नाही. राग अजून आत आहे, हे त्याला कळतंय. म्हणून तो हेक्टरचं प्रेत प्रायमच्या नजरेआड धुवायला लावतो. बापाचा तोल सुटेल, मग आपला सुटेल, ही भीती. धुऊन झाल्यावर तो स्वतःच्या हातांनी प्रेत उचलून ठेवतो. पूर्ण काव्यात राग येण्याआधीच त्याला ओळखून अकिलीस पहिल्यांदा इथे पावलं टाकतो.

मग तो म्हणतो, आता जेवू या. नायोबीची बारा मुलं गेली, तरी शेवटी तिलाही भूक आठवली. पॅट्रोक्लस गेल्यावर हाच अकिलीस घास तोंडात घ्यायला तयार नव्हता. आता तो मेंढी कापतो, शत्रूला वाढतो. जेवण झाल्यावर दोघं एकमेकांकडे कौतुकाने बघत राहतात. अंत्यसंस्काराला किती दिवस हवेत, असं तो विचारतो. अकरा, प्रायम सांगतो. बाराव्या दिवशी लढू, लढावंच लागलं तर. अकिलीस शब्द देतो.

आणि आज

जोनाथन शे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाकडे व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक उपचाराला यायचे. वरिष्ठांकडून झालेला विश्वासघात, जवळच्या मित्राचा मृत्यू, मग डोक्यात शिरलेलं वेड. त्यांच्या हकिगतींत त्याला अकिलीसच दिसत राहिला आणि १९९४मध्ये त्याने त्यावर 'अकिलीस इन व्हिएतनाम' हे पुस्तक लिहिलं. त्याआधी, दुसरं महायुद्ध सुरू असताना, सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत बाईने 'इलियड'वर गाजलेला निबंध लिहिला. बळ माणसाची वस्तू करून टाकतं, मारणाऱ्याचीही आणि मरणाऱ्याचीही, असा तिचा मुद्दा होता.

म्हणूनच 'इलियड'चा शेवट बघण्यासारखा आहे. एवढं मोठं ग्रीक काव्य, पण त्याचा शेवट ग्रीकांच्या विजयाने होत नाही. शेवटी आहे शत्रूच्या मुलाची चिता. ट्रॉयच्या बायका हेक्टरसाठी विलाप करतात. सगळ्यात शेवटी हेलन रडते, कारण त्या घरात तिला कधीही टाकून न बोलणाऱ्या थोड्या माणसांत तो होता. दहाव्या दिवशी चिता पेटते, अकराव्या दिवशी थडगं रचून लोक जेवायला बसतात. वेशीवर पहारा आहे, कारण बारावा दिवस उजाडणार आहे. पण अकिलीसने शब्द दिलाय आणि तोवर कुणीही हल्ला करत नाही.

सुरुवात कुठून कराल?

चोवीस सर्ग बघून धास्ती वाटत असेल तर आधी पाचच वाचा: १, ६, ९, २२ आणि २४. भांडण, निरोप, नकार, सूड आणि भेट. नावांची यादी पाठ करायच्या फंदात पडू नका. दुसऱ्या सर्गातली जहाजांची लांबलचक यादी तर पहिल्या वाचनात खुशाल सोडा. मोठ्याने वाचलंत तर उत्तमच. हे काव्य मुळात ऐकण्यासाठी होतं. मिल्मन पॅरी या अमेरिकी अभ्यासकाने १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन निरक्षर गायकांची लांबच लांब गाणी ध्वनिमुद्रित केली आणि होमरच्या ओळींत तेच ते शब्द का परततात, याचा उलगडा केला. गाता गाता रचणाऱ्याला तयार जोडशब्द हाताशी लागतात. त्यामुळे पहाट दर वेळी गुलाबी बोटांची आणि अकिलीस दर वेळी चपळ पायांचा असेल, तर कंटाळू नका. ताल पकडा.